चिलटांच्या लग्नात घुमट

आमच्या डिचोलीच्या घरी गणपती पाच दिवसांचा. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला, सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, माट्टी, कांगलां आणि बरोबर मधोमध केळीचा घड. तिसऱ्या दिवशी घड पिवळा पडतो, चौथ्या दिवशी चिलटं हजर. विसर्जनाआधी माटोळीला हात लावायचा नसतो, त्यामुळे त्यांना कुणाची भीती नाही. त्या वर्षी चौथ्या रात्री आरतीला सगळा वाडा जमला होता. चार घुमटं (चामडं चढवलेली मातीची वाद्यं), काठ्यांनी वाजवायचा एक शामेळ, कासाळं म्हणजे झांजा. घुमट तापलं की आमच्या चौकातल्या फोटोंच्या काचा थरथरतात. मी ताट घेऊन उभी होते, सहज वर पाहिलं तर केळ्यावर चिलटांची एक जोडी दिसल्यासारखी वाटली. ताट बहिणीच्या हातात दिलं आणि स्टूल ओढून वर चढले. खरंच होतं. नर मादीवर चढून बसलेला, दोघंही ढिम्म. खाली एवढा गजर चाललेला आणि वर यांचा संसार!

"गणपतीसमोर स्टुलावर काय चढतेस?" आईने नंतर झापलं ते झापलंच. पण मला डिझर्टेशनचा विषय मिळाला होता: एवढ्या गजरात यांचं जमतं कसं? एम.एस्सी. प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष, विषय द्यायला आठ दिवस उरलेले, आणि तोवर माझ्याकडे कागदावर फक्त स्वतःचं नाव होतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "घुमटाचं नंतर बघू. फळमाशीचा नर गातो, हे माहीत आहे ना तुला?"

पुस्तकात वाचलं होतं तेवढंच माहीत होतं. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे प्रयोगशाळेतलं आपलं चिलट. त्याचा नर मादीच्या मागे लागतो, पुढच्या पायाने तिला हलकेच टॅप करतो, मग एकच पंख काटकोनात बाहेर काढून थरथरवतो. तेच त्याचं गाणं. १९६२ साली शोरी या शास्त्रज्ञाने ते प्रथम ध्वनिमुद्रित केलं. गाण्याचे दोन भाग. एक सलग गुणगुण, साधारण १६० हर्ट्झची. दुसरा तुटक ठोक्यांचा, दोन ठोक्यांत सुमारे ३५ मिलिसेकंदांचं अंतर. एडिंबरोच्या बेनेट-क्लार्क आणि युइंग यांनी १९६९ मध्ये दाखवलं की मादीला पटवण्यात हे अंतरच कळीचं. पंख कापलेल्या नराचं लग्न रखडतं, पण बाहेरून योग्य अंतराचे ठोके ऐकवले की पुन्हा जमायला लागतं.

आवाज आणि किडे या विषयावर वाचायला बसले आणि पंधरा दिवस त्यातच गेले. मशीनगनवाल्या हायरम मॅक्सिमने १८७८ साली अमेरिकेतल्या साराटोगाच्या एका हॉटेलात विजेचे दिवे बसवले होते. त्या यंत्रणेची गुणगुण सुरू झाली की डास तिकडे जमतात आणि ते सगळे नर असतात, हे त्याच्या लक्षात आलं. मादीच्या पंखांचा सूर आणि यंत्राचा सूर जुळत होता. कुणी विश्वास ठेवला नाही, म्हणून १९०१ साली त्याने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिलं. १९६५ मध्ये कर्कपॅट्रिक आणि हॅरीन यांनी धान्यातल्या पतंगाच्या अळ्यांना चार दिवस मोठा आवाज ऐकवला, तर बाहेर पडणारे पतंग पाऊणपट घटले. २००९ मध्ये कॉर्नेलच्या मंडळींनी दाखवलं की एडिस डासाचे नर-मादी उडताना आपापले सूर असे सरकवतात की त्यांचे वरचे स्वरांश १२०० हर्ट्झच्या आसपास जुळतात. गंमत म्हणजे मी हे वाचत होते तेव्हा माझा भाऊ मोबाइलवर डास पळवणारं ॲप लावून झोपायचा. २००७ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा आवाजी उपकरणांवरचे १० क्षेत्रीय अभ्यास तपासले होते आणि चावे कमी झाल्याचा काही पुरावा सापडला नव्हता. त्याला हे सांगितलं. त्याने ॲप बंद केलं नाही, पण गुड नाइटही लावायला लागला.

मॅडमचा हट्ट एकच. "प्रश्न छोटा कर. आवाजाने पुनरुत्पादनावर परिणाम होतो का, हा प्रश्न नव्हे. जोडी जमणं, अंडी घालणं, अंडी फुटणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तू नेमकं काय मोजणार?"

मी म्हटलं, अंडी. मोजायला सोपी वाटली म्हणून. आजही ते वाक्य आठवलं की मान आखडते.

माशा पाळायच्या म्हणजे आधी त्यांचं जेवण. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत रव्या-गुळाचं खाद्य करतात: १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर. उकळी आली की सतत ढवळायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. निवत आलं की बुरशी लागू नये म्हणून साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल. वर यीस्टचे दाणे. पहिल्यांदा केलं तेव्हा कॉरिडॉरभर शिऱ्याचा वास सुटला आणि वनस्पतिशास्त्राची दोन मुलं वाट्या घेऊनच आली. आम्ल घातल्यावर मात्र त्याला एक उग्र वास येतो, मग कुणी फिरकत नाही. गोव्याच्या पावसाळी हवेत एवढं आम्ल घालूनही सप्टेंबरात निम्म्या बाटल्यांवर पांढरी बुरशी चढली. नळीवर लावायचे कापसाचे बोळेसुद्धा दमट व्हायचे. ते ओव्हनमध्ये भाजून घ्यायला लागले तेव्हा कुठे बुरशी आवरली.

वाण ओरेगॉन-के. २५ अंशांना अंड्यापासून माशीपर्यंत दहा दिवस. प्रयोगाला कुमारिका माद्या लागतात, कारण एकदा जोडी जमली की मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि मग दिवसेंदिवस त्यावर अंडी घालते. कोशातून बाहेर आल्यावर पहिले आठेक तास मादी नराला उभं करत नाही. त्या आठ तासांत तिला वेगळं काढायचं. म्हणून सकाळी साडेसहाला पहिली बाटली रिकामी. डिचोलीहून पावणेसहाची बस पकडायची, डुलक्या काढत पोचायचं, बाटल्यांतल्या सगळ्या माशा काढून टाकायच्या, आणि दुपारी दोनला नव्याने निघालेल्या माशा ईथर देऊन पांढऱ्या टाइलवर ओतायच्या. नव्या मादीचा रंग फिका असतो, पोटातून हिरवट काळा ठिपका दिसतो. नराचं पोट टोकाला गोल आणि काळं, पुढच्या पायावर केसांचा बारीकसा कंगवा. ब्रशने इकडे-तिकडे सारायचं. ईथर जरा जास्त झाला की माशीचे पंख पाठीवर सरळ उभे राहतात, ती मग उठत नाही. पहिल्या आठवड्यात मी किती जणींचे पंख असे उभे केले, त्याचा हिशोब वहीत आहे, इथे देत नाही.

आता आवाज. बीओडी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात, प्रयोग करायचा तर त्याचा कॉम्प्रेसरच चोवीस तास घरघरतो, शांत गट कसला शांत राहणार? म्हणून मागची स्टोअररूम मागून घेतली. थर्माकोलचे दोन खोके, एकात स्पीकर आणि काकांच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा ॲम्प्लिफायर, दुसरा रिकामा. प्रत्येक खोक्यात दहा काचनळ्या, प्रत्येक नळीत एक जोडी. आमच्याच आरतीचं मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग, दिवसाला आठ तास. डेसिबलचं ॲप खोक्यात ९२ दाखवत होतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे नियमाच्या हिशोबाने आमच्या चिलटांनी पोलिसांत तक्रार करायला हवी होती. चौथ्या दिवशी लॅबमधले शिपाईकाका दारात येऊन म्हणाले, "बाई, तुमचा गणपती पोचवणार कधी?"

रोज सकाळी जोडी नव्या नळीत हलवायची आणि जुन्या नळीतली अंडी मोजायची. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, तांदळाच्या कणीसारखं पांढरं, पुढच्या टोकाला दोन बारीक शिंगं. गुळाच्या तपकिरी पृष्ठभागावर ती शिंगंच आधी दिसतात, कारण अंडं आत रोवलेलं असतं. भिंगाखाली मोजताना माझा डावा डोळा मिटायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच बाजूचं डोकं ठणकायचं.

पाच दिवसांचा हिशोब: शांत खोक्यात १,१८४ अंडी, घुमटाच्या खोक्यात ७०३. चाळीस टक्के कमी! मी बसमध्ये बसून मनातल्या मनात शीर्षक तयार केलं. शोधनिबंध, पुरस्कार, पणजीला भाषण, सगळं साखळीच्या फाट्यापर्यंत झालंसुद्धा.

मॅडमनी आकडे बघितले आणि विचारलं, "खोक्यातलं तापमान किती होतं?"

घेतलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही खोक्यांत थर्मामीटर ठेवले. ऑक्टोबरचा उकाडा, स्टोअररूमला वरून पत्रा. शांत खोका दुपारी २८, घुमटाचा खोका ३२. ॲम्प्लिफायर थर्माकोलच्या आत बसून चुलीसारखा तापत होता. मेलॅनोगॅस्टरचे नर ३० अंशांच्या आसपास नापीक व्हायला लागतात. जुन्या नळ्या मी धुतल्या नव्हत्या, नशीब. परत भिंगाखाली धरल्या, तर आवाजाच्या खोक्यातली कितीतरी अंडी न फुटता तशीच पडलेली. मी घुमटाचा परिणाम मोजलाच नव्हता. मी पाच दिवस माशा शिजवत होते.

याउप्पर टेबलाची थरथर. स्पीकर आणि नळ्या एकाच फळीवर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला खाद्यही हलत होतं. अंडी घालायला बसलेल्या मादीच्या पायाखालची जमीन हादरत असेल तर ती आवाजाला घाबरली की भूकंपाला, कोण सांगणार?

पुन्हा सगळं मांडलं. ॲम्प्लिफायर बाहेर. दोन्ही खोक्यांत सारखाच स्पीकर, एकाला वायर जोडलेली, दुसऱ्याला नाही. नळ्या जुन्या गादीच्या स्पंजवर, स्पीकर वेगळ्या स्टुलावर. खोक्यांत दिवसातून तीनदा तापमान. आणि मोजताना मला कळू नये म्हणून माझ्या मैत्रिणीने नळ्यांवर तिचे स्वतःचे नंबर चिकटवले. त्याची यादी तिने तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि मी कितीही लाडीगोडी लावली तरी दिली नाही. पाच दिवसांनी यादी उघडली. शांत १,०९२. घुमट १,०७१.

म्हणजे काहीच नाही. दिवाळी तोंडावर आली होती आणि हातात शून्य.

दिवाळीच्या सुट्टीत घरी होते. काका पडवीत घुमटावर नवीन चामडं चढवत बसले होते. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला लहान. मोठ्या तोंडावर चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, तिला कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर बकरीचं आलं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा काकांनी वाड्यावर पेढे वाटले होते. "घोरपडीचा आवाज वेगळाच गो," असं ते दर वेळी म्हणतात, पण चढवतात बकरीचंच.

मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोरी आवळली, घुमट मांडीवर घेतलं.

"बाय, हांगा हात धर."

लहान तोंडासमोर मी तळवा धरला. त्यांनी उजव्या हाताने थाप मारली. तळव्यावर फुंकर बसली. प्रत्येक थापेला एक फुंकर. डाव्या हाताने ते हेच तोंड झाकत-उघडत घुमटाचा आवाज वळवतात, हे मी लहानपणापासून बघत आले, पण तिथे हात कधी धरला नव्हता.

"वारें लागता न्हय?" ते म्हणाले. "आता तोंड बांधून टाकलं तर? आवाज येईल, वारं नाही."

ते वाद्याबद्दल बोलत होते. मी मात्र तशीच उठून आत गेले आणि वही काढली.

चिलटाला आपल्यासारखा कानाचा पडदा नाही. त्याच्या मिशीवर पिसासारखा एक केस असतो, हवा हलली की तो हलतो, आणि मिशीच्या बुडाशी असलेलं जॉन्स्टनचं इंद्रिय ते टिपतं. १८५५ साली जॉन्स्टन यांनी डासाच्या मिशीत वर्णन केलं तेच. आपला पडदा हवेचा दाब टिपतो, चिलटाचा केस हवेची ये-जा टिपतो. म्हणून तर नर मादीपासून काही मिलिमीटरांवर येऊन पंख हलवतो. मी काय केलं होतं? काचेच्या बारीक नळीत, वर कापूस कोंबून, हवा कोंडून ठेवली होती. दाब आत पोचत होता, डेसिबलचं ॲप खुशीत ९२ म्हणत होतं, पण आतल्या हवेला हलायला जागा कुठे होती? मी घुमटाचं तोंड बांधून ठेवलं होतं. वाचताना हा फरक मी दोनदा अधोरेखित केला होता, तरी हातावर फुंकर बसेपर्यंत तो माझ्या नळीपर्यंत पोचला नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग आता अंडी सोड. जोडी मोज."

नवं घरकुल असं: प्लंबिंगच्या दुकानातून आणलेल्या पीव्हीसी पाइपच्या दोन सेंटिमीटरच्या चकत्या, दोन्ही तोंडांना डासांच्या जाळीचं कापड चिकटवलेलं, बाजूला माशी सोडायला एक भोक. हवा आरपार. स्पीकरचा पडदा जाळीपासून बोटभर अंतरावर, पण चकतीला न टेकता. खरं गाणं नोंदवायला लागणारा माइक आमच्याकडे नव्हता, म्हणून मी ते कॉम्प्युटरवर बनवलं: ३५ मिलिसेकंदांनी ठोका, मधूनमधून १६० हर्ट्झची गुणगुण. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "बिघडलेल्या पंख्यासारखं वाटतंय."

मग नरांचे पंख. ईथर देऊन डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या छोट्या कात्रीने दोन्ही पंख बुडापाशी कापायचे. पहिले बाराच्या बारा नर गेले. कात्री नव्हे, माझा श्वास नडला: सुस्कारा सोडला की नर टाइलवरून उडून जमिनीवर. मास्क लावून काम केल्यावर जमलं. कापल्यावर दोन दिवस विश्रांती. बिचारे पंख नसतानाही खुंट हलवत मादीभोवती फिरतात. खांदा हलतो, आवाज नाही. ते बघताना पहिल्या दिवशी मला जरा कसंतरी झालं, खोटं कशाला सांगू.

या माशा सकाळच्या वेळी जास्त उत्साही असतात, म्हणून सातला सुरुवात. सेमिनार हॉलचा एसी रात्री २५ वर लावून ठेवायची परवानगी मिळवली आणि प्रयोगाच्या वेळी तो बंद. चकतीत कुमारिका मादी आणि पंख कापलेला नर सोडायचा, स्टॉपवॉच दाबायचं, तीस मिनिटं डोळे हटवायचे नाहीत. जोडी जमली की पंधरा-वीस मिनिटं ती सुटत नाही, त्यामुळे हुकायची भीती कमी. पण कधी जमली याची वेळ हुकू शकते. मादी नकार देते तोही बघण्यासारखा: मागच्या पायांनी लाथ, नाहीतर पोटाचं टोक बाहेर काढून सरळ नराच्या तोंडासमोर. एका मादीने एकाच नराला तीस मिनिटांत सतरा लाथा मारल्या, मी मोजल्या. एकदा अकराव्या मिनिटाला वीज गेली आणि कोपऱ्यातला यूपीएस शिटी मारायला लागला. त्या दिवसाच्या सगळ्या चकत्या रद्द.

डिसेंबर ते फेब्रुवारी हेच चाललं. मधे नाताळच्या सुट्टीत बाटल्यांत बाहेरची चिलटं शिरली. मयड्याची केळी कुणीतरी स्टाफरूममध्ये पिकत ठेवली होती. तीन बाटल्या ओतून टाकाव्या लागल्या आणि दहा दिवस मागे गेले.

प्रत्येक गटात चाळीस जोड्या. पंख नसलेला नर आणि शांतता: चाळिसांतल्या ९ जमल्या. पंख नसलेला नर आणि स्पीकरवरचं गाणं: २१. फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या काय-वर्ग चाचणीत ७.६८ आलं, म्हणजे शंभरातून एकदा योगायोगाने यावं त्याहूनही कमी शक्यतेचं. तिसरा गट, पंख नसलेला नर, गाणं आणि त्यावर दुसऱ्या स्पीकरने घुमटाची आरती: १४. हा मधलाच कुठेतरी, त्यावर ठामपणे काही म्हणता येईना, आणि मॅडमनी म्हणू दिलंही नाही. मग धडधाकट पंखांचे नर घेतले. शांततेत ३४ जोड्या जमल्या, घुमटाच्या गजरात ३३. फरक वेळेत: शांततेत मधली वेळ सहा मिनिटं, घुमटात अकरा.

जमलेल्या माद्यांना वेगळं ठेवून तीन दिवस अंडी मोजली. कोणत्याही गटात लक्षात घेण्यासारखा फरक नाही. अंडी फुटलीसुद्धा सारखीच.

तर माटोळीवरच्या त्या जोडीचं कोडं असं सुटलं की ते कोडं नव्हतंच. मी पाहिलं तेव्हा ती आधीच जमलेली होती. एकदा जमल्यावर कितीही घुमटं वाजोत, त्यांना ऐकायचंच काय उरतं? शिवाय चिलटाचं सगळं लग्न गाण्यावर चालत नाही. वास आहे, चव आहे, डोळे आहेत. धडधाकट नर गजरातही वाट काढतो, फक्त जरा उशीर होतो. पणजीच्या भाषणाला हे पुरेसं नव्हतं. पण बाहेरच्या परीक्षकांनी तोंडीला माझा निकाल सोडून त्या शिजलेल्या माशांवरच वीस मिनिटं प्रश्न विचारले. तो फसलेला भाग मी परिशिष्टात टाकला होता, मॅडमनीच ठेव म्हणून सांगितलं होतं. शेवटी परीक्षक म्हणाले की पुढच्या मुलांना आधी हे परिशिष्ट वाचायला द्या. मार्क बरे आले.

शिगम्याच्या दिवसांत पुन्हा घरी होते. संध्याकाळी काका सुवारीच्या, म्हणजे घुमट-शामेळाच्या एकत्र वादनाच्या, तयारीला बसले होते, पुढ्यात घुमट. म्हणाले, "गो बाय, तुझा नर वाजवतो तरी काय, ऐकव एकदा."

मोबाइलवर ऐकवलं. त्यांनी नाक मुरडलं. एवढ्या वेगात माणसाच्या कानाला नुसती खरखर कळते. मग मी ते दहापट सावकाश केलं. ३५ मिलिसेकंदांचे ३५० झाले. आता सेकंदाला तीन ठोके, स्वच्छ. काकांनी डोळे मिटले. दोन आवर्तनं ऐकली आणि तिसऱ्याला घुमटावर बोटांनी साथ धरली. शामेळवाला शेजारी बसला होता, त्यानेही काठी उचलली. मिनिटभर पडवीत चिलटाचं गाणं वाजत होतं. आई चहाचे कप घेऊन आली आणि उंबऱ्यावर थांबली.

एकाएकी काकांनी हात उचलला.

"हे माणसाचं वाजवणं नव्हे."

"चिलटाचं आहे, काका."

"चिलटाचंही नव्हे. जीव असलेला कोणी इतकं सारखं वाजवत नाही. एक ठोका पुढे नाही की मागे नाही. हे मशीन आहे."

खरं होतं. खऱ्या नराचं अंतर इकडे-तिकडे होतं, ३५ ही फक्त सरासरी. मी कॉम्प्युटरवर नेमकं पस्तीसच टाकलं होतं, सगळीकडे. माझ्या चाळिसांतल्या एकोणीस माद्यांनी नकार दिला होता. मी मोबाइल बंद केला आणि चहाचा कप उचलला. काका घुमट उलटं करून लहान तोंडाला कान लावून बसले.